‘डॉक्टर हू’चा पहिला भाग, डोळे मिटून

श्रोतेहो, नमस्कार.

टीव्हीवरच्या मालिकेबद्दल रेडिओवर बोलायचं म्हणजे चित्र दाखवायची सोय नाही. पण आजच्या भागाचं निम्मं काम आवाजानेच केलेलं असल्यामुळे आपलं फारसं अडणार नाही.

बीबीसीच्या ‘डॉक्टर हू’ या विज्ञानकथा मालिकेचा हा पहिला भाग, ‘ॲन अनअर्थली चाइल्ड’. प्रक्षेपण शनिवार, २३ नोव्हेंबर १९६३, संध्याकाळी सव्वापाचच्या जरा नंतर. आदल्याच दिवशी केनेडींची हत्या झाली होती, लोकांचं लक्ष बातम्यांकडे होतं. त्यात ब्रिटनच्या काही भागांत वीजही गेली होती. म्हणून पुढच्या शनिवारी दुसऱ्या भागाच्या आधी हा भाग पुन्हा दाखवला. दिग्दर्शक होते वारिस हुसेन. जन्म लखनौचा, वय त्या वेळी २४. त्यांच्या आई अत्तिया हुसैन या लेखिका, आणि बीबीसीच्या ईस्टर्न सर्व्हिसवरून बोलणाऱ्या. निर्मात्या व्हेरिटी लॅम्बर्ट यांनाही अजून २८ पूर्ण व्हायची होती.

गोष्ट थोडक्यात अशी. शाळेतले दोन शिक्षक, इयन आणि बार्बरा, सुझन नावाच्या विद्यार्थिनीमुळे कोड्यात पडलेत. या मुलीला शास्त्र नको तितकं येतं, पण शिलिंगांचा हिशेब मात्र चुकतो. तिला वाटतं, देशात दशमान नाणी आहेत. मग तिच्या लक्षात येतं की ती अजून सुरू व्हायचीत. (ब्रिटनमध्ये दशमान चलन खरोखर आलं ते फेब्रुवारी १९७१ मध्ये. लेखकाचा नेम चांगला लागला म्हणायचा.) दोघं तिच्या मागोमाग एका भंगारवाल्याच्या आवारात जातात. तिथे निळी पोलीस पेटी, म्हणजे पोलिसांना फोन करायची रस्त्यावरची खोकीवजा खोली, उभी असते, आत तिचे आजोबा, म्हणजे डॉक्टर. पेटी म्हणजे खरं तर त्यांचं काळात प्रवास करणारं यान.

आता शीर्षकसंगीत ऐका. चाल रॉन ग्रेनर यांची. ती प्रत्यक्षात उतरवली डेलिया डर्बिशायर यांनी, बीबीसीच्या रेडिओफोनिक वर्कशॉपमध्ये, म्हणजे कार्यक्रमांसाठी वेगळे आवाज बनवणाऱ्या विभागात, डिक मिल्स यांच्या मदतीने. सिंथेसायझर नाही, एकही वादक नाही. खालचा जो ‘डुम-डिडि-डुम’ ठेका आहे, त्याच्या मुळाशी एक छेडलेली तार आहे. तो एक आवाज टेपवर घ्यायचा आणि टेपचा वेग बदलून त्यातूनच बाकीचे स्वर काढायचे. वेग दुप्पट केला की स्वर एक सप्तक चढतो. अर्ध्या स्वराने चढवायचा तर वेग साधारण ६ टक्क्यांनी वाढवायचा. गोम अशी की वेग वाढवला की स्वर आखूडही होतो. म्हणून प्रत्येक स्वर वेगळा मोजून कापावा लागतो. त्या काळच्या स्टुडिओत टेप सेकंदाला १५ इंच धावत असे, म्हणजे अर्ध्या सेकंदाच्या स्वराला साडेसात इंचाचा तुकडा. असे तुकडे एकामागून एक चिकटवत जायचे.

हे जोडकाम ज्यांनी हाताने केलंय त्यांना ठाऊक असेल: काप तिरका घ्यायचा. सरळ काप घेतला तर जोड यंत्रावरून जाताना ‘टक्’ असा आवाज येतो. तिरक्या कापात एक आवाज दुसऱ्यात मिसळून जातो. ब्लेडमध्ये चुंबकत्व शिरलेलं असेल तर काप कितीही सुबक असो, तरी तो ‘टक्’ उमटतोच.

वरची सरकती धून ऑसिलेटरची, म्हणजे विजेतून स्वर काढणाऱ्या उपकरणांची, यंत्रं तपासायला वापरतात त्यांची. एका स्वरावरून दुसऱ्यावर ती जी घसरत जाते, ती बटण हाताने फिरवल्यामुळे. फुसफुसणारा वारा म्हणजे गाळून घेतलेला खरखराट. प्रत्येक थराची स्वतंत्र टेप. अनेक ट्रॅकचं यंत्र नव्हतंच, त्यामुळे टेप वेगवेगळ्या यंत्रांवर चढवून एकदम सुरू करायच्या आणि एकत्र उतरवून घ्यायच्या. एका टेपवर एक तुकडा किंचित लांब राहिला, तरी तिथून पुढे सगळंच बेताल. असं झालंही. तेव्हा टेप लांबलचक बोळात जमिनीवर शेजारी शेजारी उलगडून ठेवल्या आणि जोडाला जोड ताडून पाहिला. ज्याचा जोड शेजारच्यांच्या ओळीत नाही, तो दोषी. याहून साधी आणि खात्रीची दुरुस्ती आजच्या संगणकावरही सुचणार नाही.

डर्बिशायर यांचं नाव मात्र पडद्यावर आलं नाही. श्रेय मिळे वर्कशॉपला. ग्रेनर यांनी त्यांना सहसंगीतकार म्हणून वाटा द्यायचं सुचवलं होतं, पण बीबीसीचा नियम आड आला. पन्नाशीच्या विशेष भागात, २०१३ मध्ये, पहिल्यांदा त्यांचं नाव झळकलं. तोवर त्या हयात नव्हत्या.

शीर्षकातले ते फुलत, फाटत जाणारे पांढरे आकारही याच जातीचे. कॅमेरा स्वतःचंच चित्र दाखवणाऱ्या पडद्यावर रोखायचा. माइक लाउडस्पीकरसमोर धरल्यावर जी शीळ उठते, तिचंच हे चित्ररूप.

संगीत शीर्षकाबरोबर थांबत नाही. धुक्यात एक पोलीस टॉर्च घेऊन भंगाराच्या फाटकाशी येतो, चाचपून निघून जातो, फाटक आपसूक करकरतं, आणि तोवर ते वाजतच असतं. मग ते विरतं आणि खाली एक गुणगुण उरते. कॅमेरा पेटीपाशी पोचतो तेव्हा कळतं, गुणगुण तिची आहे. पुढे इयन पेटीला हात लावून ‘ही जिवंत आहे’ म्हणतो ते आपल्याला पटतं, कारण आपण ते आधीच ऐकलेलं असतं. प्लायवुडच्या खोक्याला जीव आला तो या गुणगुणीने.

ही गुणगुण वर्कशॉपच्याच ब्रायन हॉजसन यांची. पेटी काळात झेपावते तेव्हाची धाप लागल्यासारखी घरघरही त्यांचीच. एका मोडक्या पियानोच्या खर्जाच्या तारांवरून घराची किल्ली खरवडत नेली, टेपवर घेतली, तिच्यावर प्रतिध्वनी चढवला. किल्लीच का? खर्जाच्या तारांवर तांब्याचं वेटोळं असतं. किल्ली एकेक वेढा ओलांडते आणि आवाज सलग न येता दातेरी येतो.

हा भाग दोनदा चित्रित झाला, हेही जाणून घेण्यासारखं. पहिला प्रयत्न सप्टेंबर १९६३ मधला, लाइम ग्रोव्हच्या स्टुडिओत. व्हिडिओ टेप कापणं महाग, म्हणून नाटकासारखं सलग खेळत जायचं. मध्ये काही बिघडलं तर ते तसंच टेपवर राही. यानाची दारं नीट मिटेनात, डॉक्टर फारच खवचट वाटला. वरिष्ठांनी पुन्हा करायला सांगितलं. ऑक्टोबरात डॉक्टरची धार जरा बोथट केली, कपडे जुन्या वळणाचे दिले. आधी सुझन ४९व्या शतकात जन्मल्याचं सांगत होती. आता नुसतं ‘दुसऱ्या काळात, दुसऱ्या जगात’. शतक काढून टाकलं हे फार बरं केलं.

नाकारलेली आवृत्ती सुदैवाने टिकली आहे. बीबीसीने ती १९९१ मध्ये दाखवली. दोन्ही मिळाल्या तर आधी ती लावा. शीर्षकसंगीतात विजेचा कडकडाट ऐकू येईल, यानाच्या दृश्यात दारांची धडधड. मग प्रक्षेपित भाग हेडफोन लावून ऐका. मोबाइलच्या इवल्या स्पीकरवर खर्ज आणि गुणगुण दोन्ही हरवतात. पुढचे तीन भाग अश्मयुगातल्या टोळीचे आहेत. ते नाही पाहिले तरी चालतील.