18 मार्च 1990 : पूर्व जर्मनीचा कौल

श्रोतेहो, नमस्कार.

बर्लिनची भिंत 9 नोव्हेंबर 1989 ला कोसळली, हे आपण जाणतोच. त्याच वर्षीच्या मे महिन्यातली एक मतमोजणी मात्र फारशी कुणाला आठवत नाही.

पूर्व जर्मनीत निवडणुका नेमाने व्हायच्या. मतपत्रिकेवर सत्ताधारी कम्युनिस्ट आणि त्यांच्या साथीदार पक्षांची एकच संयुक्त यादी. तिची घडी घालायची, पेटीत टाकायची, झालं मतदान! पडदा लावलेली खोली असायची, पण तिकडे वळणारा माणूस नजरेत भरायचा. 7 मे 1989 च्या स्थानिक निवडणुकीत काही नागरिक, त्यातले बरेचसे चर्चच्या आसऱ्याने एकत्र आलेले, मोजणीच्या वेळी केंद्रांवर हजर राहिले. बर्लिनच्या वाइसेनझे भागात त्यांनी टिपलेली विरोधी मतं सरकारी आकड्यांशी जुळेनात. निवडणूक आयोगाचे प्रमुख एगॉन क्रेन्झ यांनी तर 98.85 टक्के होकार जाहीर केला होता! मग दर महिन्याच्या 7 तारखेला बर्लिनमध्ये निषेध सुरू झाला. सत्तेची लबाडी पुराव्यानिशी उघडी पडली ती अशी.

भिंत पडली आणि 18 मार्च 1990 ला पहिलं खुलं मतदान झालं. 93.4 टक्के लोक मतदानाला आले. सोशल डेमोक्रॅट जिंकणार, असे अंदाज होते. पण पश्चिम जर्मनीचे चान्सलर हेल्मुट कोल शेजारच्या देशात येऊन सभांवर सभा घेत होते. (आज कुणी असं केलं तर केवढा गहजब होईल!) लोकांना हवं होतं एकीकरण, आणि हातात पश्चिमेचं चलन, मार्क. कोल यांच्या साथीदार ख्रिश्चन डेमोक्रॅट पक्षाला 40.8 टक्के मतं पडली. गंमत म्हणजे, हाच पक्ष 40 वर्षं त्या एकाच संयुक्त यादीत निमूट बसलेला होता.

आणि ज्यांनी रस्त्यावर उतरून धोका पत्करला, त्या चळवळीवाल्यांच्या 'बुंडनिस 90' या आघाडीला मिळाले 2.9 टक्के. 400 जागांपैकी 12. नाव बदललेल्या कम्युनिस्टांनाही 16.4 टक्के मिळाले होते. लोक कृतघ्न निघाले, असं म्हणणं मला पटत नाही. तुटपुंज्या पगारात घर चालवणाऱ्याने उद्याच्या नोटेला मत दिलं, आणि तसं देण्याची मोकळीक तर त्याला पहिल्यांदाच मिळाली होती.

पंतप्रधान झाले लोथार द मेझिएर, पेशाने वकील. त्यांच्या सरकारच्या उपप्रवक्त्या होत्या अंगेला मेर्केल, पुढे जर्मनीच्या चान्सलर झालेल्या. त्यांचा 'डेमोक्रॅटिक अवेकनिंग' हा पक्ष जेमतेम 0.9 टक्क्यांवर थांबला होता, कारण त्याचे नेते वोल्फगांग श्नूर गुप्त पोलिसांचे खबरे निघाल्याचं मतदानाच्या तोंडावरच उघड झालं.

1 जुलैला मार्क आला. 23 ऑगस्टच्या पहाटे याच संसदेने 294 विरुद्ध 62 मतांनी पश्चिम जर्मनीत सामील व्हायचा ठराव केला. 3 ऑक्टोबरला तो देशच उरला नाही, आणि त्याची मोकळ्या मतांनी निवडलेली एकुलती संसदही त्याच्याबरोबर संपली.