भिंतीची एकच बाजू

(दृश्य : स्टील रिगचा कडा, पहाट. धुक्यातून वर येणारी दगडी रांग.)

वारा ऐका. इंग्लंडच्या उत्तरेला, नॉर्थम्बरलंडमधली ही नोव्हेंबरची सकाळ. कड्याच्या धारेवरून चढत-उतरत गेलेली ही दगडांची रांग म्हणजे हेड्रियनची भिंत. रोमन सम्राट हेड्रियनच्या हुकमानं इसवी सन १२२ मध्ये तिचं काम सुरू झालं. पूर्वेच्या वॉल्सेंडपासून पश्चिमेच्या बोनेसपर्यंत, जवळजवळ ११७ किलोमीटर. सह्याद्रीतले तट बघत वाढलेल्या डोळ्यांना ती आज ठेंगणी वाटते. इथे कमरेएवढी, तिथे छातीएवढी. तिचे दगड शेतांच्या बांधांत गेले, घरांत गेले, चर्चच्या भिंतींत गेले.

१९८१ साली, दिवस मावळताना, एक अमेरिकन लेखक या भिंतीवर उभा होता. जॉर्ज आर. आर. मार्टिन. त्याच्या मनात आलं, इटलीहून किंवा आफ्रिकेहून इथे आणून ठेवलेल्या शिपायाला उत्तरेकडे बघताना काय वाटत असेल? त्या झाडीतून काय बाहेर येईल, हे त्याला ठाऊक नाही. दहा वर्षांनी मार्टिन लिहायला बसला तेव्हा ही भिंत बर्फाची झाली, ७०० फूट उंच आणि ३०० मैल लांब. १९९६ मध्ये पहिला खंड आला. ‘अ साँग ऑफ आइस अँड फायर’ या कादंबरीमालेचा.

(दृश्य : विंडोलंडा. काचेआड चामड्याचे जोडे. एक अगदी लहान, मुलाचा.)

हे जोडे नीट बघा. भिंतीपासून थोडं दक्षिणेला विंडोलंडाचं ठाणं आहे. तिथल्या ओल्या, हवाबंद मातीत चामडं कुजलं नाही. असे हजारो जोडे निघाले. १९७३ पासून लाकडाच्या पातळ पाट्यांवर शाईनं लिहिलेली पत्रंही निघाली. एका पत्रात कुणीतरी कुणासाठी मोजे, चपला आणि आतले कपडे पाठवल्याचं कळवलंय. कार्व्होरानच्या ठाण्यात सीरियातल्या हमाकडचे तिरंदाज होते. त्यांनी ही थंडी कशी काढली असेल?

मार्टिनच्या भिंतीवरही हीच माणसं आहेत. काळे कपडे घातलेली, घरदार सोडून आलेली किंवा शिक्षा म्हणून धाडलेली. एकोणीस किल्ले, आणि त्यातल्या तिघांतच दिवा लागतो. मी २००९ मध्ये पुण्यातल्या भाड्याच्या खोलीत पहिला खंड उघडला तेव्हा मला ड्रॅगनपेक्षा हे रिकामे सोळा किल्ले भिववून गेले.

(दृश्य : भिंतीवर उघडं ठेवलेलं पुस्तक. वाऱ्यानं उलटणारी पानं. प्रकरणांच्या डोक्यावर फक्त माणसांची नावं.)

कॅमेरा माझ्या बायकोच्या हातात आहे. तिनं या पुस्तकांवरची ‘गेम ऑफ थ्रोन्स’ ही टीव्हीची मालिका पूर्ण पाहिली आहे, पुस्तकं वाचलेली नाहीत. या सबंध प्रवासात मी तिला एकच गोष्ट सांगत होतो. पुस्तकात जवळजवळ प्रत्येक प्रकरणाला एका माणसाचं नाव आहे, आणि त्या प्रकरणात वाचक त्याच माणसाच्या डोक्यात कोंडलेला असतो. त्याला जे दिसतं तेवढंच आपल्याला दिसतं. त्याचा गैरसमज झाला तर आपलाही होतो. भिंतीवर उभं राहिल्यासारखं. एका वेळी एकीकडेच तोंड.

पहिल्या खंडात नेड स्टार्कच्या नावाची पंधरा प्रकरणं आहेत. पंधरा वेळा आपण त्याच्या डोळ्यांनी बघतो आणि धरून चालतो, की हाच कथेचा नायक. मग त्याचा शिरच्छेद होतो, आणि ते प्रकरण त्याच्या नावाचं नाही. ते आर्याचं आहे, त्याच्या धाकट्या मुलीचं. गर्दीतला एक माणूस तिला घट्ट धरतो, बघू देत नाही. ती बघत नाही, म्हणून आपणही बघत नाही. फक्त गर्दीचा आवाज येतो. मालिकेत तलवार दिसते. दिसणं सोपं असतं. पुस्तकात ते दृश्य मी मनात किती वेळा आणि किती तऱ्हांनी पाहिलं, त्याला मोजदाद नाही.

(दृश्य : पावसात एडिनबरोचा किल्ला, दुरून.)

हा एडिनबरोचा किल्ला. १४४० मध्ये इथे दोन कोवळ्या डग्लस भावांना राजाच्या पंगतीला बोलावलं आणि मारलं.

(दृश्य : ग्लेनको. दरीवर उतरलेले ढग. कड्यांवरून पाण्याच्या पांढऱ्या रेघा. बराच वेळ निवेदन नाही.)

हे ग्लेनको. १६९२ च्या हिवाळ्यात या दरीतल्या मॅकडोनाल्डांच्या घरी सुमारे १२० शिपाई उतरले. त्यांचा कप्तान होता रॉबर्ट कॅम्पबेल. जवळजवळ दोन आठवडे ते याच चुलींवरचं जेवले, याच घरांत झोपले. मॅकडोनाल्डांच्या म्होरक्यानं राजनिष्ठेची शपथ घ्यायला मुदतीपेक्षा उशीर केला होता, तेवढं निमित्त पुरलं. १३ फेब्रुवारीच्या पहाटे पाहुण्यांनी यजमानांना मारलं. तीसहून अधिक माणसं गेली, आणि बर्फात पळालेली कित्येक गारठून गेली. विश्वासात घेऊन केलेला खून हा स्कॉटलंडच्या कायद्यात वेगळा, अधिक भयंकर गुन्हा होता.

ही दरी आणि ती पंगत, दोन्हींवरून तिसऱ्या खंडातलं लग्नातलं हत्याकांड सुचल्याचं मार्टिननं सांगितलं आहे. तिथे पाहुणे आधी यजमानाच्या हातची भाकरी आणि मीठ खातात, कारण त्यानंतर कुणी कुणावर हात उगारायचा नसतो. हा रिवाज मला कुणी समजावून द्यावा लागला नाही. खाल्ल्या मिठाला जागणं आपल्या घराघरांत बोललं जातं. फक्त इथे खाऊ घालणाऱ्यानंच मीठ बुडवलं. वाचताना मी नेडच्या बायकोच्या, केटलिनच्या डोक्यात होतो. तिनं एका माणसाचा दंड धरला आणि रेशमी बाहीखाली चिलखताच्या लोखंडी कड्या लागल्या. त्या क्षणी कळलं, तिच्याबरोबरच. एक पानसुद्धा आधी नाही. ते प्रकरण मार्टिननं बाकी सगळा खंड लिहून झाल्यावर, शेवटी लिहिलं. माझं पुस्तक त्यानंतर महिनाभर कपाटावर पडून होतं.

पाचवा खंड २०११ मध्ये आला, सहाव्याची वाट बघतो आहे.

(दृश्य : गाडीची काच. तिच्यावर पाणी. बाहेर काळोख होत चाललेला.)

परतताना पाऊस वाढला म्हणून आम्ही रस्त्याकडेला गाडी थांबवली. बायको म्हणाली, “अरे, ते पहिलं प्रकरण सांग ना. बघितलेलं नको, लिहिलेलं.” कॅमेरा तिच्या मांडीवर तसाच चालू राहिला होता. पुढे जे ऐकू येतं ते त्यावरच आलं आहे. भिंतीपलीकडे गेलेल्या तिघांची गोष्ट, मराठीत.