बोर्डावरची मुलगी

पत्रिकेवर नाव छापलंय ‘अ‍ॅग्नेथा’. छापणाऱ्याचा दोष नाही, आम्हीही चाळीस वर्षं तेच म्हणत होतो. स्वीडनमध्ये म्हणतात ‘आङ्नेता’. आडनाव फेल्टस्कूग. ‘आबा’ या स्वीडिश पॉप बँडमधली ती सोनेरी केसांची, असं म्हटलं की सगळ्यांना कळतं, आणि माझं भांडण तिथूनच सुरू होतं. त्या केसांखालच्या डोक्यात चाली तयार होत होत्या, हे कुणी बोलतच नाही. आज तेवढंच सांगायचंय. मागच्या रांगेत ‘आबा’ ऐकून हसू आलं वाटतं. हसा. आमच्या घरी खरेखुरे आबा होते आणि आबाची कॅसेट लावली की आबाच ओरडायचे, ‘बंद करा ते!’

तिचा जन्म 5 एप्रिल 1950 चा. गाव यॉनशॉपिंग, व्हेटर्न नावाच्या भल्यामोठ्या सरोवराच्या दक्षिण टोकाला. आता खरं तर अंबरनाथकरांना या गावाचं नाव परकं वाटायला नको. ते काडेपेट्यांचं गाव! तिथल्या काड्या जगभर गेल्या, आणि स्वीडिश काडेपेटीवाल्यांनीच 1923 साली आपली विमको, म्हणजे इथली काडेपेट्यांची कंपनी, काढली. म्हणजे विमको नाक्यावर रिक्षासाठी भांडताना आपण तिच्या माहेरच्या माणसांच्या नावाने उभे असतो. असो, विषय काड्यांचा नाही.

तर, पंधराव्या वर्षी शाळा सुटली आणि ही मुलगी एका मोटारींच्या कंपनीत टेलिफोन ऑपरेटर झाली. दिवसा टेलिफोनचा बोर्ड, संध्याकाळी गावातल्या बँडबरोबर नाचाच्या कार्यक्रमांत गाणं. हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा खुर्चीतून उठलेच. ऑपरेटर! म्हणजे आमच्यातलीच की!

आता माझी हकीकत सांगते, लांबणार नाही. (इथे आमचे हे हसतायत, त्यांच्याकडे बघू नका.) 1979 साली मी एका कंपनीत बोर्डावर होते. कंपनीचं नाव नको. तेव्हा मोबाईलवाल्या पोरांना सांगते, ट्रंक कॉल, म्हणजे परगावचा फोन, बुक करायचा, आणि मग वाट बघत बसायचं. सकाळचा कॉल दुपारी लागला तर नशीब. आमच्या मोठ्या साहेबांचा कलकत्त्याचा कॉल अडीच तासांनी लागला. मी ‘सर, कलकत्ता’ म्हणून जोडून दिला आणि बोर्डावरची माझी कळ खाली करायची विसरले. लाईन मला उघडीच. साहेब कुठलीतरी फाईल शोधत होते, दोन्हीकडे शांतता, आणि मी आपली टिफिनचा डबा पुसत ‘फर्नांडो’ गुणगुणतेय. शब्द कुठले येणार, चाल तेवढी पक्की. तेवढ्यात कलकत्त्याहून आवाज आला, ‘रेडिओ चालू आहे का तुमच्याकडे? राहू दे, छान आहे.’

दुसऱ्या दिवशी मला मेमो. ‘कामाच्या वेळेत गायन केल्याबद्दल खुलासा करावा.’ तीन प्रतींत! खुलासा काय करणार? मी लिहिलं, ‘गाणे आले म्हणून गायले.’ हेडक्लार्कनी तो कागद मला परत दिला आणि म्हणाले, ‘बाई, सर्दी झाली होती असं लिहा.’ तो मेमो अजून आहे माझ्याकडे. आज आणणार होते, पण सुनेने लॅमिनेट करायला टाकलाय.

सांगायचा मुद्दा असा, की बोर्डावर बसणारीचा कान तयार होतो. नुसत्या ‘हॅलो’वरून कोण रागात आहे, कोण रडून आलंय, ते कळतं. पण दोन टोकांची माणसं एकमेकांना ओळखतात, मधलीचं नाव कुणाला ठाऊक नसतं. पगाराच्या दिवशीसुद्धा ‘टेलिफोनवाल्या बाई’ म्हणून हाक मारायचे.

अध्यक्षांची चिठ्ठी आली. ‘दहा मिनिटे.’ अरे देवा. आत्ता कुठे विषय काढला होता!

बरं, भरभर सांगते. आङ्नेताचं एका मुलाशी जमलेलं प्रेम मोडलं, त्यावर तिने स्वतः गाणं केलं, ‘या वार सो शॅर’, म्हणजे ‘मी किती प्रेमात होते’. बँडच्या म्होरक्याने रेकॉर्डिंग एका निर्मात्याकडे पाठवलं. त्याला बँड नको होता, ती आणि तिचं गाणं हवं होतं. 16 ऑक्टोबर 1967 ला ध्वनिमुद्रण झालं, जानेवारी 1968 मध्ये गाणं स्वीडनमध्ये पहिल्या क्रमांकावर. वय सतरा! ‘आबा’ अजून जन्मालाही आला नव्हता.

मग पुढे आबातच असलेल्या ब्यॉर्न उल्व्हेउसशी लग्न, 1974 ला इंग्लंडमधल्या ब्रायटनमध्ये आबाच्या ‘वॉटर्लू’ने युरोव्हिजन ही युरोपातली गाण्यांची स्पर्धा जिंकली, आणि तिच्यातली संगीतकार मागे पडली. आबाच्या सबंध अल्बमांत तिची चाल एकच, 1973 चं ‘डिसइल्यूजन’. पण 1975 चा तिचा स्वीडिश अल्बम बघा, ‘एल्वा क्विन्नोर ई एत हूस’, एका घरात राहणाऱ्या अकरा बायका. एकेका गाण्यात एकेक बाई, आणि आबाच्या ‘एस.ओ.एस.’ची स्वीडिश आवृत्ती सोडली तर सगळ्या चाली हिच्या! त्याबद्दल कुणी विचारत नाही. सगळे विचारतात, घटस्फोटानंतर नवऱ्याने लिहिलेलं 1980 चं ‘द विनर टेक्स इट ऑल’ तिने कसं गायलं म्हणून. गायलं. काय करणार, लाईन जोडली होती.

ऐंशीच्या दशकात इंग्रजी एकल अल्बम, मग स्टॉकहोमजवळच्या बेटावर लांबचलांब शांतता. 2013 च्या ‘ए’ अल्बममध्ये मात्र एका गाण्याची चाल करण्यात तिचा हात पुन्हा दिसला, वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी. आणि...

दुसरी चिठ्ठी. बरं, थांबते. त्या मुलाला म्हणावं, ते 1967 चं गाणं लाव. साधारण तीन मिनिटांचं आहे, जुन्या ट्रंक कॉलएवढं. मध्ये कुणी बोलू नका, मी लाईनवर आहे.