पत्रकं, शाई आणि सातबारा

(दृश्य: मालवणजवळचं कौलारू घर. पडवीत सत्तरी ओलांडलेले दोघे मित्र.)

हे दोघे पुण्यात एकाच वसतिगृहात राहायचे. मालवणहून बोटीनं मुंबई, तिथून पुढे पुणे. पावसाळ्यात बोट बंद, मग एसटी. संध्याकाळी युवक क्रांती दलाच्या बैठका. घरच्या पत्रात मात्र 'अभ्यास ठीक चालू आहे' एवढंच.

२५ जून १९७५ च्या रात्री आणीबाणी आली. राजापूरचे खासदार मधू दंडवते बंगळूरच्या तुरुंगात, त्यांच्या पत्नी प्रमिलाताई येरवड्यात. वर्तमानपत्रांवर सेन्सॉर, म्हणून बातम्या सायक्लोस्टाईलवर, म्हणजे हातानं प्रती काढायच्या यंत्रावर, छापून फिरू लागल्या. मेणकागदी स्टेन्सिलवर टोकदार लेखणीनं अक्षर कोरायचं. जोर जास्त झाला की 'ठ'चं पोट फाटायचं आणि तिथे शाईचा गोळा उमटायचा. शाई नखांत बसली की रॉकेलनं घासूनही निघत नसे. त्यामुळे छापणारा एक, वाटणारा दुसरा.

हे सगळं दोघंही रंगवून सांगतात. थोडं तिखटमीठ लावतात, लावू द्या. गाडी अडते ती घरच्या जमिनीपाशी.

'कसेल त्याची जमीन' म्हणणाऱ्या या दोघांतला एक खोताच्या, म्हणजे गावचा सारा गोळा करणाऱ्या वतनदाराच्या, घरातला. खोती १९५० साली कायद्यानं गेली. १ एप्रिल १९५७ च्या कृषकदिनी, कूळकायद्यानुसार, कसणारं कूळ मालक ठरलं, पण कागदावर. खंड, म्हणजे जमिनीचं भाडं, दिल्याची पावतीच हातात नसेल तर कूळ असल्याचं सिद्ध करणार कसं? कचेऱ्यांत वाद वर्षानुवर्षं रेंगाळले.

सुट्टीत घरी आलेल्या या कार्यकर्त्याला त्यांचंच शेत कसणाऱ्या म्हातारीनं विचारलं, "बाबा, थंय पुण्याक घोषणा देतंस, पण हंय सातबाऱ्यार नाव कोणाचा, तां बघलंस काय?"

त्यानं वडिलांकडे विषय काढला. वडील भरल्या ताटावरून उठले. पुढे ते असेपर्यंत घरात त्यावर कोणी बोललं नाही. ते गेल्यावर यानं जमीन कुळाच्या नावे करून दिली. तोवर म्हातारी नव्हती, आणि तिचा मुलगा १९८२ च्या गिरणी संपात नोकरी घालवून गावी परतला होता.

"तुझी क्रांती वारसनोंदीनंतरची," मित्र चिडवतो.

"आणि तुझी? बँकेत चिकटलास आणि युनियनची वर्गणी भरून मोकळा झालास!"

"वर्गणी वेळेवर भरली पण," मित्र म्हणतो.