सत्ताविसावा आठवडा

[दृश्य: चिंचवडच्या औद्योगिक वसाहतीतील रस्ता, सकाळी कामावर येणारी माणसे]

महिन्याची ७ तारीख टीडीएस म्हणजे आधीच कापून घेतलेला कर भरण्याची, ११ तारीख जीएसटीआर-१ या विक्रीच्या विवरणपत्राची, १५ तारीख भविष्य निर्वाह निधीची आणि २० तारीख जीएसटीआर-३बी या जीएसटी भरण्याच्या विवरणपत्राची. पिंपरी-चिंचवडमधील कोणत्याही मध्यम आकाराच्या कारखान्याचा लेखा विभाग महिना असाच मोजतो. या लघुपटातील लेखापाल अशाच एका कारखान्यात नऊ वर्षे नोकरी करत आहे. ती कोणी एक स्त्री नाही. अनेकींची परिस्थिती एकत्र करून आम्ही तिला उभे केले आहे. तिचे बाळ चार महिन्यांचे आहे, प्रसूती रजेचे सहा आठवडे उरले आहेत, आणि पुढचे वर्षभर तिला आठवड्याचे सहाही दिवस कामावर जाणे जमणार नाही. नोकरी मात्र सोडायची नाही.

रजेबाबत कायदा स्पष्ट आहे. १९६१ च्या प्रसूती लाभ अधिनियमात २०१७ साली दुरुस्ती झाली आणि पहिल्या दोन अपत्यांसाठीची पगारी रजा १२ आठवड्यांवरून २६ आठवड्यांवर गेली. आता या तरतुदी सामाजिक सुरक्षा संहितेत आल्या असल्या तरी त्यांचा गाभा तोच राहिला आहे. ५० किंवा त्याहून अधिक कर्मचारी असतील तर पाळणाघराची सोय करावी लागते आणि आईला दिवसातून चार वेळा तिथे जाता येते. बाळ १५ महिन्यांचे होईपर्यंत स्तनपानासाठी दिवसातून दोन वेळा विराम मिळतो. कामाचे स्वरूप तसे असेल तर रजेनंतर घरून काम करण्याचीही वाट आहे, पण मालक आणि कर्मचारी यांच्यात तसे ठरले तरच. कामाचे दिवस किंवा तास कमी करून मागण्याचा हक्क मात्र यात कुठेही दिलेला नाही. सव्विसावा आठवडा संपला की कायद्याच्या लेखी ती पूर्णवेळ कर्मचारी असते, आणि त्याहून वेगळे काही हवे असेल तर ते बोलून मिळवावे लागते.

हे बोलणे अवघड होण्याचे एक कारण जुने आहे. मुंबई इलाख्यात १९२९ साली प्रसूती लाभाचा कायदा झाला. त्याच्या विधेयकावर १९२८ मध्ये विधान परिषदेत बोलताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी, मातेला विश्रांती मिळणे राष्ट्राच्या हिताचे असल्याने या खर्चाचा मोठा वाटा सरकारने उचलावा, असे मत मांडले होते. प्रत्यक्षात तो भार बहुतांशी मालकावरच राहिला. दरमहा २१,००० रुपयांपर्यंत वेतन असलेली आणि राज्य कामगार विमा योजनेत येणारी स्त्री असेल तर तिचा लाभ महामंडळ देते. त्याहून अधिक वेतन असलेल्या आमच्या लेखापालाचा सहा महिन्यांचा पगार कारखान्याने आपल्या खिशातून दिला आहे. त्यामुळे ती सवलत मागायला जाते तेव्हा समोरच्याच्या मनात आधीच एक हिशेब मांडलेला असतो. तो हिशेब न्याय्य आहे असे आम्हाला वाटत नाही, पण तो आहे हे लक्षात न घेता बोलायला बसणारी स्त्री पहिल्या पाच मिनिटांतच आपली बाजू हरते.

[दृश्य: स्वयंपाकघरातील टेबल, रेघांची वही, शेजारी झोळीत झोपलेले बाळ]

म्हणून ती तासांपासून सुरुवात करत नाही. आपल्या टेबलावरून महिनाभरात काय काय जाते, ते ती वहीत उतरवून काढते: खरेदीची बिले तपासणे, बँक जुळवणी, पगारपत्रक, विवरणपत्रे, लेखापरीक्षकांची पत्रे, पुरवठादारांचे फोन. प्रत्येक कामापुढे दोन रकाने आहेत. ते तारखेला बांधलेले आहे का, हा पहिला. आणि आपल्याशिवाय दुसरे कोणी ते करू शकते का, हा दुसरा. यादी पूर्ण झाल्यावर दिसते की ५ ते २० तारखेपर्यंत तिची गरज रोजची आहे, आणि २० नंतर फारशी नाही. पुरवठादारांचे फोन रजेच्या काळात एका कनिष्ठ सहकाऱ्याने घेतलेच आहेत, तेव्हा ते त्याच्याकडेच राहू शकतात.

आमच्या मते या सगळ्या प्रक्रियेतील सर्वांत महत्त्वाची गोष्ट ही वही आहे. अर्धवेळ कामावर परतलेल्या बहुतेक स्त्रियांची एकच तक्रार असते, की पगार कमी झाला पण काम तेवढेच राहिले. कामाच्या यादीला हात न लावता नुसते तास कमी करून घेतले, तर उरलेले काम रात्री बाळ झोपल्यावर लॅपटॉपवर येते आणि त्याचा मोबदला कोणीही देत नाही. तेव्हा कोणते काम सोडले जाणार आणि ते कोणाकडे जाणार, हे आधी ठरायला हवे. दिवस किती, हा प्रश्न त्यानंतरचा.

रजा संपायला महिनाभर असताना ती व्यवस्थापकांना भेटते. परतण्याच्या दिवशी हा विषय काढला असता तर तो अडवणुकीसारखा दिसला असता.

“सर, मला कामावर यायचंच आहे. फक्त वर्षभर दिवस कमी करून.”

“अहो, पण महिन्याचे हिशेब बंद करायला, क्लोजिंगला कोण बसणार?”

“मीच बसेन. ५ ते २० मी रोज येईन, गुरुवारची सुट्टी सोडून. पुढच्या दिवसांत महिन्याचे मिळून चार दिवस. एकूण १८ दिवस होतात.”

“बघू या. मोठ्या साहेबांच्या कानावर घालतो.”

अशी चर्चा बहुधा इथेच थांबते आणि मग आठवडे निघून जातात. ती त्याच संध्याकाळी ईमेल पाठवते: आज काय बोलणे झाले, आपला प्रस्ताव काय, कामांची यादी सोबत जोडली आहे, आणि पुढच्या सोमवारपर्यंत उत्तर मिळाल्यास बाळाच्या सांभाळाची व्यवस्था करता येईल. सासूबाईंचे गुडघे दुखतात, बाहेरचे पाळणाघर संध्याकाळी साडेसहाला बंद होते, या गोष्टी तिने त्या पत्रात लिहिलेल्या नाहीत. त्या खऱ्या आहेत, परंतु अडचणी मोजून दाखवल्या की समोरचा त्यावर उपाय सुचवू लागतो आणि मूळ प्रस्ताव बाजूला पडतो.

[दृश्य: कॅल्क्युलेटर, पगाराची पावती]

आता पैशांकडे वळू. तिचे मासिक वेतन ५२,००० रुपये आहे असे धरले, तर २६ दिवसांच्या महिन्यात दिवसाचे २,००० होतात आणि १८ दिवसांचे ३६,०००. कारखान्याकडून मात्र आधी “हाफ टाइम, हाफ सॅलरी” असा सोपा तोडगा पुढे येतो. त्यात तिचे महिन्याला १०,००० रुपये जातात. दिवसाचा दर कायम ठेवून दिवस मोजणे, एवढी एकच मागणी तिथे पुरेशी ठरते.

खरी मेख पुढे आहे. ग्रॅच्युइटी, म्हणजे नोकरी सुटताना सेवेच्या वर्षांबद्दल मिळणारी एकरकमी रक्कम, शेवटच्या वेतनावर काढतात: मासिक मूळ वेतनाला २६ ने भागून १५ ने गुणायचे आणि सेवेच्या वर्षांनी पुन्हा गुणायचे. तिचे मूळ वेतन २६,००० असेल, तर नऊ वर्षांच्या सेवेचे १,३५,००० रुपये होतात. दिवस कमी झाल्यावर तेच मूळ वेतन १८,००० झाले आणि त्या वर्षात काही कारणाने नोकरी सुटली, तर नऊ वर्षे पूर्णवेळ राबलेल्या सेवेचे सुमारे ९३,५०० रुपयेच तिच्या हाती येण्याची शक्यता असते. शिवाय महिन्याला १८ म्हणजे वर्षाला २१६ दिवस भरतात, आणि सेवा सलग होती की नाही असा वाद निघाल्यास सहा दिवसांचा आठवडा असलेल्या ठिकाणी वर्षाला किमान २४० दिवस काम हा आकडा पुढे केला जातो. कायद्यापेक्षा अधिक चांगल्या अटी करारात लिहून घ्यायला मुभा आहे. तेव्हा आधीच्या वर्षांची ग्रॅच्युइटी पूर्णवेळ वेतनावर मोजली जाईल आणि या काळात सेवा अखंड मानली जाईल, ही दोन वाक्ये ती मसुद्यात घालते. पुढेमागे दुसऱ्या बाळंतपणाचा विचार असेल, तर तो लाभ रजेपूर्वीच्या तीन महिन्यांत प्रत्यक्ष काम केलेल्या दिवसांच्या सरासरी वेतनावर ठरतो. रोज अर्धा दिवस काम करण्यापेक्षा मोजके पूर्ण दिवस काम करणे तिच्यासाठी हिताचे ठरण्याचे हेही एक कारण आहे.

कारखान्यात कर्मचारी ५० पेक्षा कमी असल्याने पाळणाघर नाही. दूध काढून ठेवायला जागा हवी होती, आणि आतून कडी लागेल अशा खोल्या दोनच निघाल्या: एक रोखपालाची, दुसरी सर्व्हरची. सर्व्हरच्या खोलीत गारवा असतो आणि तिथे कोणी फिरकत नाही. तिला तीच मिळाली. पँट्रीतल्या फ्रिजमध्ये, लोकांच्या दह्याच्या डब्यांमागे, तिच्या नावाची चिठ्ठी चिकटवलेली स्टीलची एक डबी असेल, हेही ईमेलमध्येच ठरले. असे बारीकसारीक मुद्दे लेखी असावेत का, असे कोणी विचारील. व्यवस्थापक बदलला की नव्या माणसाला आधीचे काहीच माहीत नसते, आणि मग प्रत्येक गोष्ट पहिल्यापासून समजावून सांगावी लागते.

[दृश्य: छापलेले पत्र, समासात पेनने केलेल्या दुरुस्त्या]

मसुदा दोन आठवड्यांनी परत आला. महिन्याचे १८ दिवस मान्य झाले, दिवसाचा दरही कायम राहिला. अखंड सेवेचे वाक्य जसेच्या तसे स्वीकारले गेले, ग्रॅच्युइटीच्या वाक्यापुढे “सल्लागारांशी बोलून” असे लिहून आले आणि तीन दिवसांनी तेही मंजूर झाले. दर तीन महिन्यांनी आढावा घ्यायचा, आणि एक महिन्याची सूचना देऊन तिला पूर्णवेळ कामावर परतता येईल, हे कलम तिने घातले होते. त्यात “जागा उपलब्ध असल्यास” हे तीन शब्द कारखान्याने वाढवले. तिने ते खोडून पत्र पुन्हा पाठवले आणि खाली कारण लिहिले, की जागा तिचीच आहे, ती रिकामी झालेली नाही. या वेळी ती ओळ तशीच राहिली.

वार्षिक वेतनवाढीपुढे “व्यवस्थापनाच्या विचाराधीन” असे लिहिलेले आहे. त्याचा निर्णय कोणत्या तारखेपर्यंत होईल, एवढेच विचारणारा ईमेल तिने पत्रावर सही करण्यापूर्वी पाठवला आहे.