आधी भुंकायला शिकवा, मग शांत राहायला

(व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार. घरात पिल्लू आलं की महिन्याभरात पहिली तक्रार ऐकू येते ती भुंकण्याची. लोक विचारतात, याचं तोंड बंद कसं करायचं? मी त्यांना सांगते, आधी त्याला सांगितल्यावर भुंकायला शिकवा. बऱ्याच जणांना हे उफराटं वाटतं. पण जे वागणं आपल्या शब्दावर सुरू होतं, तेच आपल्या शब्दावर थांबवणं सोपं जातं. आज मला एवढंच नीट पटवून द्यायचं आहे.

मुळात भुंकणं पिल्लाला येतंच. जन्मानंतर दोन-तीन आठवड्यांत डोळे आणि कान उघडतात, आणि त्याच सुमारास पहिले बोबडे भुंकार सुरू होतात. लांडगा मोठेपणी फार क्वचित भुंकतो, तेही बहुतेक वेळा धोक्याचा इशारा म्हणून. कुत्रा मात्र खेळताना भुंकतो, एकटा पडला की भुंकतो, अनोळखी माणूस दिसला की भुंकतो, चेंडू हवा असला तरी भुंकतो. बुडापेस्टच्या योटवॉश लोरांड विद्यापीठातल्या पोंग्रात्स आणि मिक्लोशी यांच्या गटाने अशा वेगवेगळ्या प्रसंगांतली भुंकणी ध्वनिमुद्रित करून माणसांना ऐकवली. 2005 साली त्यांनी निष्कर्ष प्रसिद्ध केले. ज्यांनी कधी कुत्रा पाळला नाही त्यांनाही, नुसता आवाज ऐकून, प्रसंग कोणता असेल हे निव्वळ अंदाजापेक्षा बरंच बरोबर सांगता आलं. खालच्या पट्टीतलं, एकामागून एक धडाधड येणारं भुंकणं लोकांना रागीट वाटलं. वरच्या पट्टीतलं, मध्ये जागा सोडून येणारं तसं वाटलं नाही.

हे मी सविस्तर सांगतेय, कारण शिकवायला बसण्याआधी ठरवायचं असतं की यातलं कोणतं भुंकणं आपल्याला हवं आहे. बहुतेक जण दाराची घंटा निवडतात. घंटा वाजली की पिल्लू भुंकतं, मग शब्द जोडून टाकायचा, काम झालं. सोपं आहे खरं. पण त्या क्षणी पिल्लाकडे बघा. पाठीवरचे केस उभे आहेत का? शेपूट पोटाखाली गेली आहे का? एक पाऊल पुढे आणि दोन मागे असं चाललंय का? तसं असेल तर ते घाबरून भुंकतंय, आणि त्या भुंकण्याचा सराव म्हणजे भीतीचाच सराव. तो मला मान्य नाही. पिल्लाचे पहिले तीन-साडेतीन महिने जगाशी ओळख करून घेण्याचे असतात. त्या काळात दार, घंटा, पाहुणा या गोष्टी त्याला निवांत वाटायला हव्यात. म्हणून आपण निवडायचं ते हट्टाचं भुंकणं, ‘दे ना, दे ना’ म्हणणारं. त्यात शरीर सैल असतं, शेपूट हलत असते, डोळे खेळण्यावर असतात.

आता ते मिळवायचं कसं? बसायला शिकवणं सोपं, कारण खाऊ नाकासमोरून डोक्यावर नेला की पिल्लाची मान वर जाते आणि मागचा भाग आपोआप टेकतो. आवाज असा हाताने वळवता येत नाही. तो यायची वाट बघावी लागते. थोडा वेळ आवडत्या खेळण्याने मनापासून खेळा आणि अगदी रंगात आल्यावर खेळणं पाठीमागे धरून स्तब्ध उभे राहा. पिल्लू उडी मारेल, पंजा लावेल, कुंईकुंई करेल, बसून दाखवेल. तुम्ही काही बोलू नका. मग नाकातून एखादा अर्धामुर्धा ‘हुफ्’ येईल. तो हुफ् म्हणजेच भुंकणं समजा आणि त्याच क्षणी खाऊ द्या.

त्याच क्षणी यावर माझा फार भर आहे. बक्षीस एका सेकंदाच्या आत कळलं पाहिजे. पिल्लू भुंकलं, मग तुमच्या अंगावर चढलं आणि तेव्हा तुम्ही खिशातून तुकडा काढलात, तर शाबासकी चढण्याला मिळाली. क्लिकर नावाची ती छोटी टकटक डबी यासाठीच वापरतात. वर्तनाचा अभ्यास करणारे मानसशास्त्रज्ञ स्किनर यांचे विद्यार्थी केलर आणि मॅरियन ब्रेलंड यांनी 1940च्या दशकात अशा आवाजाच्या खुणेने प्राणी शिकवले. डबी नसेल तर ‘छान!’ हा एक शब्द नेहमी त्याच सुरात म्हटला तरी चालतो, मात्र त्यामागोमाग खाऊ आलाच पाहिजे. तुकडा वाटाण्याएवढाच असावा. चॉकलेट, द्राक्षं, मनुका, कांदा आणि झायलिटॉल (साखरेऐवजी वापरतात तो गोड पदार्थ) घातलेला कुठलाही पदार्थ अजिबात नको, ही कुत्र्यांना विषारी आहेत.

खेळणं मागे गेलं की भुंकणं येणारच, अशी तुमची खात्री पटली की मग शब्द. तो भुंकण्याच्या आधी म्हणायचा. पिल्लू भुंकत असताना ‘भुंक, भुंक’ म्हणत राहिलात तर त्या शब्दाला काही अर्थ चिकटत नाही. खूण आधी आणि घटना नंतर, असाच क्रम लागतो. कुत्र्याला शब्दापेक्षा हाताची खूण लवकर कळते, म्हणून आधी शब्द, क्षणभर थांबून हाताची खूण, मग भुंकणं, मग बक्षीस. हळूहळू खूण काढून घेता येते. शब्द निवडताना ‘बोल’ टाळा. आपण दिवसभर फोनवर ‘हं, बोल’ म्हणत असतो, आणि पिल्लाने दर वेळी मान वर करून भुंकणं हा त्याचा दोष ठरणार नाही.

इथपर्यंत बहुतेक सगळे पोचतात आणि इथेच सोडून देतात. मग तक्रार येते की पिल्लू आता जास्तच भुंकतंय. भुंकणारच ना! ज्या वागण्याने फायदा होतो ते प्राणी पुन्हा करतो, हे मानसशास्त्रज्ञ थॉर्नडाइक यांनी 1898 साली मांजरांना पेटीत ठेवून दाखवून दिलं होतं. पिल्लाला कळलंय की आवाज काढला की तुकडा मिळतो. आपण न सांगता भुंकण्याला काहीच मिळत नाही, ही दुसरी गोष्ट त्याला अजून कोणी सांगितलेली नाही. म्हणून न सांगता भुंकलं की तोंड फिरवा. रागावू नका, कारण रागावणं हेही लक्ष देणंच आहे. सुरुवातीला ते भुंकणं वाढेल, जोरात होईल, आणि तुम्हाला वाटेल की उपाय चुकला. तेव्हाच टिकून राहायचं असतं. दहाव्या भुंकण्याला विरघळून खाऊ दिलात, तर दहा वेळा भुंकावं लागतं एवढंच ते शिकेल. आणि हा नियम घरातल्या प्रत्येकाने पाळायचा. आजी गुपचूप देत असेल तर बाकीच्यांची मेहनत वाया जाते.

‘शांत’ शिकवायला आता वाट मोकळी झाली. भुंकायला सांगा, एक-दोनदा भुंकू द्या, मग हळू आवाजात ‘शांत’ म्हणा आणि तुकडा नाकाशी धरा. हुंगायला लागलं की भुंकणं आपसूक थांबतं. पहिल्यांदा एका सेकंदाच्या शांततेलाही बक्षीस, मग दोन, मग पाच. माझा आग्रह असा की शांततेचा खाऊ भुंकण्याच्या खाऊपेक्षा चांगला असावा. हा शब्द कधी ओरडून म्हणू नका. आपण ओरडलो की पिल्लाला वाटतं, हेही आपल्याबरोबर भुंकतायत.

या शिक्षणाला केवळ करमणूक समजू नका. इमारत कोसळते तेव्हा ढिगाऱ्यावर सोडलेल्या शोधकुत्र्यांपैकी अनेकांना हेच शिकवलेलं असतं. आत अडकलेला माणूस कुत्र्याला दिसत नाही, फक्त वास येतो, आणि त्याचा सांभाळणारा दूर असतो. कुत्रा त्या जागी थांबून सलग भुंकत राहतो. त्याची सुरुवातही अशीच होते: लपलेल्या माणसाकडे खेळणं असतं आणि ते भुंकल्यावरच मिळतं.

मघाशी एका ताईंनी चिठ्ठी पाठवली, की आमचं पिल्लू भुंकतच नाही, काय करू? काही पिल्लं अबोल असतात. बसेंजी जातीचे कुत्रे तर नेहमीसारखे क्वचितच भुंकतात, गळ्यातून वेगळाच लकेरीसारखा आवाज काढतात. तुम्ही एका वेळी दोन-तीन मिनिटंच प्रयत्न करा, तेही पिल्लू खेळकर असताना. उपाशी ठेवून, चिडवून किंवा दचकवून आवाज काढू नका. काही दिवसांत हुफ् सुद्धा आला नाही, तर हा धडा बाजूला ठेवा आणि हाताला नाक लावायला शिकवा. भुंकण्याचा धडा सहा महिन्यांनी घेतला तरी चालतो.