चावी न घेता

(दृश्य: जुन्या हॉटेलचा फिरता दरवाजा. काचेत रस्त्यावरची वर्दळ.)

दारवान अदबीनं दार उघडतो आणि आपलंच पाऊल अडखळतं. इथे आपली खोली नाही, सामान नाही. आत जावं की नाही?

खुशाल जावं. जुन्या शहरी हॉटेलांनी आपला सगळा थाट बहुधा तळमजल्यावरच मांडलेला असतो. वरची खोली पैसे मोजणाऱ्यालाच दिसणार. जिना, झुंबरं, संगमरवरी खांब मात्र आल्यागेल्याचे डोळे दिपावेत म्हणूनच उभारलेले. पूर्वी सरायमध्ये उतरणाऱ्याला बऱ्याचदा दारूच्या गुत्त्यातूनच आत शिरावं लागे. १८२९ साली बॉस्टनला ट्रेमाँट हाउस हे हॉटेल उघडलं आणि त्यानं पाहुण्यांच्या स्वागतासाठी वेगळं दालन दिलं. आजच्या लॉबीची ही पणजी.

(दृश्य: खालून वर सरकत जाणारा कॅमेरा, मजल्यामागून मजला.)

अमेरिकेतल्या डेन्व्हरचं ब्राउन पॅलेस हॉटेल १८९२ चं. भूखंड त्रिकोणी, त्यामुळे इमारतही त्रिकोणी. आत शिरल्यावर मान आपोआप वर जाते: मधोमध आठ मजले उंच मोकळा चौक, माथ्यावर रंगीत काचांचं छत, भोवती ओतीव लोखंडाचे नक्षीदार कठडे. त्यातल्या दोन जाळ्या उलट्या बसल्या आहेत, असं सांगतात. त्या शोधत बसायला पैसे पडत नाहीत.

सगळीकडे असं मोकळं रान नसतं. सिंगापूरच्या रॅफल्स हॉटेलमध्ये खोल्यांसमोरचे सावलीचे व्हरांडे राहणाऱ्यांसाठीच राखलेले. लाँग बारमध्ये मात्र कुणीही बसावं, शेंगा फोडाव्यात आणि टरफलं बेधडक जमिनीवर टाकावीत. इस्तंबूलच्या पेरा पालासमध्ये उलटा प्रकार: तिथली १०१ क्रमांकाची खोलीच बघण्यासाठी आहे. आधुनिक तुर्कस्तानचे संस्थापक अतातुर्क तिथे उतरत. १९८१ मध्ये त्यांच्या जन्मशताब्दीला तिचं संग्रहालय झालं.

जायचं तर आडवेळी. सकाळी खोल्या सोडणाऱ्यांची घाई, संध्याकाळी समारंभांची. कुणी हटकलं तर खोटं नातं सांगू नये. 'इमारत बघायला आलोय' एवढं पुरतं. कॉफीचं बिल पाहून दचकायचंही कारण नाही, ते खुर्चीचं भाडं असतं. लिफ्टच्या वाटेला मात्र जाऊ नये. तिथून पुढे दुसऱ्याचं घर सुरू होतं.

(दृश्य: लाल गालिचा. कारंज्याभोवती दाटलेली गर्दी.)

अमेरिकेतल्या मेम्फिसचं पीबॉडी हॉटेल. १९३० च्या दशकात शिकारीहून परतलेल्या व्यवस्थापकानं आणि त्याच्या मित्रानं गंमत म्हणून लॉबीतल्या कारंज्यात जिवंत बदकं सोडली. पाहुण्यांना ती आवडली, म्हणून बदकं राहिली. पुढे एडवर्ड पेम्ब्रोक या कर्मचाऱ्यानं, जो आधी सर्कशीत जनावरं शिकवायचा, त्यांना रांगेत चालायला शिकवलं. तो 'डकमास्टर' झाला आणि १९९१ पर्यंत त्यानं ते पद सांभाळलं.

आजही रोज सकाळी ११ वाजता बदकं लिफ्टनं खाली उतरतात आणि बँडच्या तालावर लाल गालिच्यावरून कारंज्यात जातात. संध्याकाळी ५ ला तीच वाट उलटी. गर्दीतल्या कितीजणांकडे खोलीची चावी आहे, हे कुणी विचारत नाही.

(दृश्य: लिफ्टचं दार हळूहळू मिटतं.)

बदकं गच्चीवरच्या आपल्या महालात मुक्कामाला निघाली. आपण खालीच.